'याचं काय खरं नाही' म्हणण्याआधी : नव्या शिक्षकांसाठी ग्रोथ माइंडसेटची वाट

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुमच्या वर्गाची ओळख करून देतं. "ही पुढची चार हुशार, यांना नवोदयला बसवायचं. मधली बरी आहेत. मागच्यांचं काय खरं नाही." नव्या माणसाला सोपं जावं म्हणून हे सांगितलं जातं, त्यामागे वाईट हेतू नसतो. पण ही ओळख जशीच्या तशी मनात ठेवली तर वर्षअखेरीला ती खरी ठरते. प्रश्न पुढच्यांना विचारले जातात, वह्या पुढच्यांच्या नीट तपासल्या जातात आणि मागची लेकरं फळ्यावरचं उतरवून घेण्यापलीकडे जात नाहीत.

हा लेख नव्यानं शिकवायला लागलेल्यांसाठी आहे. तुम्ही शिक्षणसेवक म्हणून पहिल्या नेमणुकीवर आला असाल, अनुदानित शाळेत लागला असाल किंवा तासिकेवर शिकवत असाल. 'ग्रोथ माइंडसेट' हा शब्द प्रशिक्षणात कानावर पडतो, पण दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून नेमकं काय करायचं ते बहुतेक वेळा अध्याहृतच राहतं. मी इथे त्याबद्दलच लिहिते आहे. उदाहरणं प्राथमिकची आहेत, कारण घोटाळा तिथेच सुरू होतो. आठवी-दहावीलाही याच पायऱ्या लागू पडतात.

आधी कल्पना नीट समजून घ्या

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी ही कल्पना मांडली. काही माणसांना वाटतं की बुद्धी जन्मतः मिळते आणि तेवढीच राहते. काहींना वाटतं की ती सरावानं, चांगल्या पद्धतीनं आणि दुसऱ्याच्या मदतीनं वाढते. पहिल्या समजुतीला साचेबंद मानसिकता म्हणू, दुसरीला वाढीची मानसिकता. एकाच माणसात दोन्ही असतात. शेतीतलं काहीही शिकून घेऊ असा विश्वास असलेला बाप इंग्रजीचा विषय निघाला की "ते आपलं काम नाही" म्हणतो.

१९९८ मध्ये ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पाचवीतल्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू चांगली मेहनत घेतलीस. पुढे काम निवडायला सांगितलं तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी बहुतेकांनी आपण हुशार दिसू असं काम निवडलं. मेहनतीचं कौतुक झालेल्यांनी नवं शिकायला मिळेल असं काम घेतलं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडवलं आणि त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी दिली. हुशार म्हटलेल्यांचे गुण घसरले, दुसऱ्या गटाचे वाढले. मुलांना आपले गुण एका अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते. त्यात 'हुशार' गटातल्या जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते खोटे, वाढवून लिहिले. परीक्षेत कॉपीचा बंदोबस्त करताना मला हा आकडा नेहमी आठवतो. 'हुशार' हा शिक्का टिकवायचा असला की लेकरू सत्य लपवायला लागतं.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण या कल्पनेचा गवगवा फार झालाय. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा एकूण परिणाम लहानच दिसला. कमकुवत परिस्थितीतल्या मुलांना मात्र थोडा जास्त फायदा झालेला होता. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर मोठा प्रयोग झाला. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन पाठानं मागे पडलेल्या मुलांचे गुण थोडे वाढले. त्याच प्रयोगाच्या २०२२ च्या विश्लेषणात दिसलं की गणिताचा शिक्षक स्वतः वाढीच्या मानसिकतेचा होता तिथे हा फायदा टिकला. जिथे शिक्षक तसा नव्हता तिथे तो दिसलाच नाही. म्हणून या लेखाची सुरुवात मुलांपासून होत नाही.

पहिली पायरी : स्वतःला न येणारी एक गोष्ट वर्गासमोर शिका

ऑफिसमध्ये चहा घेताना आपण काय बोलतो ते आठवडाभर लक्षात ठेवा. "माझं इंग्रजी कच्चंच." "ते ऑनलाइन माहिती भरायचं तुम्हीच बघा, आपल्याला नाही जमत." "त्या घरातली सगळी तसलीच." यातली बरीच वाक्यं दाराशी उभ्या असलेल्या लेकरांच्या कानावर जातात. शिकणं हे ठरावीक लोकांचं काम असतं, हे ती तिथेच शिकतात.

उपाय म्हणून एक गोष्ट निवडा, जी तुम्हाला खरोखर येत नाही आणि वर्गाला दिसेल. माझा सल्ला असा की मुलांच्या घरची बोली निवडा. किनवट-माहूरच्या बाजूला नेमणूक असेल तर तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, काही पाड्यांवर गोंडी किंवा कोलामी. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत घरची भाषा दखनी आहे. पहिलीतलं असं लेकरू मराठी वाचताना अडखळतं तेव्हा ते खरंतर दुसरी भाषा शिकत असतं. त्याला 'मंद' म्हणणं सरळ अन्याय आहे.

रोज परिपाठानंतर मुलांकडून दोन शब्द शिका. "तुमच्याकडे आईला काय म्हणतात?" "याडी." ते फळ्यावर लिहा, दुसऱ्या दिवशी विसरल्यासारखं वाटलं तर मोकळेपणानं विचारा, उच्चार चुकला तर मुलांना दुरुस्त करू द्या. सगळा वर्ग हसेल, हसू द्या. न येणं, चुकणं, विचारणं आणि मग येणं ही सगळी साखळी एका मोठ्या माणसानं जगलेली त्यांना दिसते. ते कुठल्याही भाषणातून दिसत नाही. शिवाय मागच्या ओळीतलं लेकरू त्या पाच मिनिटांपुरतं तुमचं शिक्षक असतं.

दुसरी पायरी : कौतुक बारीक करा

'शाब्बास', 'व्हेरी गुड', 'हुशार आहे गं' हे शब्द तोंडातून आपोआप निघतात, ते पूर्ण बंद करायची गरज नाही. पण दिवसातून चार-पाच वेळा तरी, मुलानं नेमकं काय केलं ते सांगणारं वाक्य बोला. "तू आधी चित्र काढलंस, म्हणून गणित सुटलं." "काल 'रफार' आला की तू थांबत होतीस, आज परत मागे जाऊन वाचलंस." अशा वाक्यासाठी तुम्हाला त्या लेकराकडे खरंच बघावं लागतं. म्हणूनच ते कठीण आहे आणि म्हणूनच ते लागू पडतं.

एक सावधगिरी सांगते. 'मेहनत केलीस' एवढंच कौतुक करणं पुरेसं नाही. उत्तर चुकलंय, पद्धत चुकतेय आणि वर "छान प्रयत्न हं" म्हटलं तर लेकराला कळतं की आपली समजूत काढली जातेय. ड्वेक यांनी स्वतः या उथळ वापराबद्दल पुढे इशारा दिला आहे. मेहनत कुठल्या दिशेनं करायची हे दाखवणं आपलं काम आहे. "अजून जमलं नाही" या वाक्याचंही तेच. 'अजून' म्हटल्यावर पुढचं काम ठरलं पाहिजे: आता काय करून बघायचं, कुणासोबत, कधीपर्यंत.

आणि 'ढ', 'मठ्ठ', 'डोक्यात भुसा भरलाय' हे शब्द आजच सोडा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे सांगून मारणारे आणि घालूनपाडून बोलणारे अजून भेटतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं. कायदा बाजूला ठेवला तरी, सातवीपर्यंत 'ढ' ऐकलेलं लेकरू आठवीत हात वर करत नाही. मग आपणच म्हणतो की ते बोलत नाही.

तिसरी पायरी : चुकलेलं उत्तर फळ्यावर आणा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

चौथीच्या वर्गात ५०३ वजा २६७ हे उदाहरण द्या. बरोबर उत्तर २३६. पण काही वह्यांत ३६४ दिसेल आणि काहींत २४६. आपण दोन्हींवर फुली मारून पुढे जातो. जरा थांबून बघा.

३६४ लिहिणाऱ्या लेकरानं काय केलं? तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले, राहिले चार. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहाच ठेवले. पाचातून दोन गेले, तीन राहिले. यात आळस नाही. पहिलीत आपणच शिकवलं होतं की मोठ्यातून लहान वजा करायचं. ते लेकरू तो नियम इमानदारीनं पाळतंय.

२४६ लिहिणारी मुलगी त्याच्या बरीच पुढे आहे. तिला उसना घेणं माहीत आहे. तेरातून सात गेले, सहा. दशकाच्या घरात दहा धरले, त्यातून सहा गेले, चार. पाचाचे चार झाले, त्यातून दोन गेले, दोन. दशकाच्या दहातला एक एककाला देऊन टाकल्यावर तिथे नऊच उरले, एवढंच तिचं सुटलं.

दोघांच्या वहीत फुली सारखीच आहे, पण दोघांना वेगवेगळी मदत लागते. शून्य मार्क बघून 'वजाबाकी येत नाही' असं ठरवलं तर त्या मुलीला कधीच कळणार नाही की आपण अगदी जवळ पोचलो होतो.

आता वर्गात हे असं करा. तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहा, कुणाचं कुठलं ते सांगू नका. विचारा, "हे उत्तर काढणाऱ्यानं काय विचार केला असेल?" मुलं शोधायला लागतात. मग प्रत्येक उत्तरात २६७ मिळवून बघायला सांगा. ३६४ आणि २६७ मिळून ६३१ होतात, हे दिसलं की लेकराला स्वतःलाच कळतं. मास्तरांनी फुली मारावी लागत नाही. ताळा करायची सवय हाताला लागणं ही मानसिकतेच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे, कारण चूक सापडवायचा अधिकार मुलाकडे येतो.

नंतर खोट्या नोटा घ्या. शंभराच्या पाच आणि एक-एक रुपयाची तीन नाणी. दुकानदाराला २६७ रुपये द्यायचे आहेत आणि त्याच्याकडे सुट्टे नाहीत. आठवडी बाजारात आईसोबत गेलेल्या कुठल्याही लेकराला माहीत असतं की आता शंभराची मोड आणावी लागणार. शंभराच्या दहा-दहाच्या दहा नोटा, त्यातल्या एका दहाची परत मोड. हातात उरल्या दहाच्या नऊ. तो नऊ डोळ्यांना दिसला की २४६ वालीचा प्रश्न तिथेच सुटतो. ३६४ वाल्याला मात्र दोन-तीन दिवस नोटांसोबत खेळू द्या आणि आधी शून्य नसलेली उदाहरणं द्या.

"कसं काढलंस, सांग बरं" हा प्रश्न बरोबर उत्तर आलेल्यांनाही विचारा. फक्त चुकलेल्यांना विचारला तर आठवडाभरात मुलांना कळतं की सरांनी 'कसं' विचारलं म्हणजे उत्तर चुकलं, आणि मुलं पटकन खोडून टाकतात. खोडरबरबद्दल एक नियम मी आवर्जून सुचवेन: चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवं करायचं. वही थोडी घाण दिसते. पण दोन महिन्यांनी त्याच वहीत लेकराचा प्रवास वाचता येतो.

हे गणितापुरतं नाही. 'एकोणचाळीस' ऐकून ४९ लिहिणारं लेकरू 'चाळीस' ऐकून तसं लिहितं, त्याला 'एकानं कमी' हे अजून कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. चुकीच्या मागचा विचार शोधायची सवय लागली की भाषेच्या तासालाही ती आपोआप वापरली जाते.

चौथी पायरी : वही, नोंदी आणि दुसरी संधी

१९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम आणि त्यांची गोडी दोन्ही वाढलं. दोन्ही मिळालेल्यांना फायदा झाला नाही, कारण मूल गुण बघतं आणि शेरा वाचतच नाही.

आपल्याकडे गुण आणि श्रेणी टाळता येत नाहीत, आणि आकारिक-संकलितचे (वर्षभराच्या आणि सत्राअखेरच्या मूल्यमापनाचे) तक्ते भरावेच लागतात. पण रोजच्या वहीवर गुण टाकायची सक्ती नाही. तिथे एक ओळ लिहा, जी वाचून लेकरू लगेच काहीतरी करू शकेल. 'अक्षर सुधारा' यावर काही करता येत नाही. 'शब्दांमध्ये एका बोटाची जागा सोड' यावर करता येतं. पट मोठा असेल तर रोज सगळ्यांच्या वह्या अशा तपासणं अशक्य आहे. मग दिवसाला पाच-सहा वह्या नीट, बाकीच्या नुसत्या बघून, असं फिरवा.

वर्णनात्मक नोंदी हा तर हातातला सोन्यासारखा मोका आहे आणि आपण तो वाया घालवतो. मोबाइलवर फिरणाऱ्या तयार याद्यांतून 'वाचनात रस घेतो', 'उपक्रमात सहभागी होतो' असं उतरवलं जातं. एकाच लेकराची नोंद खरी लिहून बघा: 'जोडाक्षरं वाचतो. रफार आला की अडतो. चित्र असलेला मजकूर आवडीनं वाचतो, नुसता मजकूर टाळतो.' पुढच्या सत्रात काय करायचं ते या तीन ओळींतच आहे. वर्गातल्या सगळ्यांची अशी नोंद नाही झाली तर ज्यांची तुम्हाला सगळ्यात कमी माहिती आहे अशा मुलांपासून सुरुवात करा.

दुसरी संधी ठरवून द्या. घटक चाचणीत चुकलेलं उदाहरण शुक्रवारी परत सोडवता येईल आणि आकारिकमध्ये सुधारलेलं काम धरलं जाईल, असं मुलांना जूनमध्येच सांगा. मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्या. एकदाच संधी मिळणार असेल तर 'चुकांतून शिका' हे वाक्य लेकराला पटण्याचं काही कारण नाही.

पाचवी पायरी : जागा आणि गट

बसण्याच्या जागा दर सोमवारी बदला. यावर जास्त काही लिहायला नको, करून बघा.

गटांबद्दल मात्र लिहायला हवं. वाचनाच्या पातळीनुसार गट करणं, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलं कुठे आहेत ते बघून शिकवणं ही चांगली, तपासलेली पद्धत आहे. 'प्रथम'सारख्या संस्थांनी ती देशभर वापरली आहे. धोका एवढाच की 'अक्षर गट' हे त्या लेकराचं नाव होऊन बसतं. म्हणून गट दिवसातल्या एका तासापुरते ठेवा, बाकी वेळ मिसळून बसवा. दर काही आठवड्यांनी परत तपासा आणि कुणीतरी वर सरकलं हे सगळ्यांना दिसू द्या. सहा महिने गटातून कुणीच हललं नाही, तर तिथे काय शिकवलं जातंय ते बदलायची वेळ झाली आहे.

सहावी पायरी : कोयत्यावरून परत आलेलं लेकरू

मराठवाड्यात ही कल्पना राबवायची तर या लेकराला वगळून चालणार नाही. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची असते. साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत), म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, लेकरं आईबापासोबत फडात असतात. हंगामी वसतिगृह असलं आणि आजी-आजोबा सांभाळायला असले तर काही मागे राहतात. धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी मात्र हमखास सोबत नेली जाते.

परत आलेली मुलगी वर्गात येते तेव्हा पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं, वार्षिक तोंडावर आलेली असते. तिच्यासमोर 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणणं निर्दयपणाचं आहे. तिनं केलेल्या कष्टांची बरोबरी वर्गातल्या कुणाशीही होणार नाही. मागे पडण्याचं कारण तिच्या मानसिकतेत नव्हतंच. ते उचलीत, पावसात, कोरडवाहू जमिनीत आहे, आणि शिक्षकानं हे स्वतःशी स्वच्छ बोललं पाहिजे. आपल्या हातात उरतं ते एवढं की ही मुलगी 'मला आता काही येणार नाही' असं ठरवून शाळा सोडणार नाही.

जाण्यापूर्वी: कुटुंब निघणार हे दसऱ्याच्या सुमारास कळायला लागतं. त्या वेळी लेकराची पातळी एका कागदावर लिहा: कुठपर्यंत वाचतं, कुठली क्रिया येते, पुढची पायरी कुठली. शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घ्यायला अडचण येत नाही. सोबत सरावाची एक पातळ वही आणि एक गोष्टीचं पुस्तक द्या. आईबापाचा फोन नंबर असेल तर पंधरा दिवसांतून एकदा लेकराशी बोला. फोनवर "आज काय मोजलंस?" एवढं विचारलं तरी पुरे.

आल्यावर: पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नका. तिला जे येतं तिथून सुरू करा. फडात तिला बरंच काही आलेलं असतं. मोळ्या मोजणं, गाडीत किती भरल्या त्याचा हिशोब, टनाचा भाव. एका मुलीला मी विचारलं, "एका गाडीत किती मोळ्या बसतात गं?" तिनं बापाच्या आणि काकाच्या गाडीचा वेगवेगळा आकडा सांगितला आणि दोन्हींची बेरीज बोटं न मोडता केली. ती बेरीज मी फळ्यावर मांडली. हातचा कसा लिहायचा हे तिला त्या दिवशी कळलं, हिशोब आधीपासून येतच होता. दहा-पंधरा दिवस तिच्यासाठी पुस्तकाच्या पानाचा आग्रह सोडा आणि जाताना लिहिलेल्या कागदावरची पुढची पायरी घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलाला बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. तुमच्या केंद्रात त्याची काय सोय आहे ते केंद्रप्रमुखांना विचारा आणि विचारत राहा.

सातवी पायरी : घरची माणसं

पालकसभेला बाप कमी येतात, आई किंवा आजी येते. "पोरगं हुशार नाही बाई, आमच्यात कुणी शिकलेलंच नाही." यावर वाद घालू नका. वही उघडून दाखवा. "आजी, हे बघा जूनमधलं अक्षर आणि हे आत्ताचं." वाचता येत नसलं तरी फरक दिसतो. घरी करायला एकच काम सांगा: रात्री लेकराला म्हणायचं, आज काय शिकलास ते मला सांग. शिकलेल्या माणसाची त्यासाठी गरज नाही.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला गाव शाळेत येतं. बक्षिसं नेहमीच्या पहिल्या तिघांना मिळतात, ती मिळू द्या. पण व्हरांड्यात एक दोरी बांधून प्रत्येक मुलाची दोन पानं लटकवा, जूनचं आणि सप्टेंबरचं. ज्याचं नाव कधी पुकारलं जात नाही त्याची आजीही तिथे येऊन थांबेल.

लातूर पॅटर्नचा विषय निघतोच. गावातल्या पालकांना वाटतं की लातूरला शिकायला जातात ती मुळात हुशार पोरं. त्या पद्धतीच्या पोटात परत-परत सराव, चाचणी, चुका शोधणं आणि पुन्हा चाचणी आहे, हे त्यांना समजावून सांगा. गुणांच्या शर्यतीचा ताण मात्र तिसरी-चौथीत आणू नका.

आठवी पायरी : सोबत एक तरी सहकारी

एकट्यानं हे फार दिवस टिकत नाही. सगळी शाळा बदलायच्या मागे लागू नका, नव्या माणसाचं ते ऐकलंही जात नाही. एक मॅडम किंवा सर शोधा, महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसा आणि एकच गोष्ट लिहून द्या: कुणाला प्रश्न विचारले गेले आणि कुणाला नाही. दोनच शिक्षकी शाळा असेल तर केंद्रातल्या शेजारच्या शाळेत कुणी बघा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत चांगल्या तासाऐवजी फसलेला तास मांडायला मिळतो का, ते विचारा. ज्येष्ठ शिक्षकांकडे चुकांचा खजिना असतो, आदरानं विचारलं तर ते भरभरून सांगतात.

एक शब्दप्रयोग टाळा. प्रशिक्षण झालं की "त्याचा माइंडसेटच फिक्स आहे" असं मुलांबद्दल आणि सहकाऱ्यांबद्दल बोललं जातं. हा जुनाच शिक्का नव्या रंगात मारणं झालं.

बदल होतोय हे कशावरून ओळखाल

गुणपत्रिकेत लवकर काही दिसणार नाही. दुसरीकडे बघा. वही तपासायला गेलात की हातानं झाकणारी मुलं कमी झाली का. "सर, मला परत एकदा द्या" असं कुणी म्हणालं का. मागच्या ओळीतून चुकीचं का होईना, उत्तर यायला लागलं का. मुलं एकमेकांना उत्तर सांगतात की कसं काढलं ते सांगतात. शाळा बुडवणाऱ्यांपैकी कुणी चाचणीच्या दिवशी आलं का. यातलं जे दिसेल ते टाचणवहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा.

दिवाळीपर्यंत यातलं काहीच दिसलं नाही तर मुलांना आणखी समजावत बसू नका. तुम्ही दिलेली पुढची पायरी फार उंच आहे का ते तपासा, ती निम्मी करा आणि तिसऱ्या पायरीवर परत या. एक वही घ्या, एक चुकलेलं उत्तर घ्या आणि त्या लेकराच्या शेजारी बसून विचारा, "कसं काढलंस, सांग बरं."